घराची किंमत कागदावर, कर मात्र खिशातून



कष्टकरी माणसाच्या आयुष्यात स्वतःचे घर होणे म्हणजे काय, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. चाळीतली दहा बाय बाराची खोली असो की कर्ज काढून घेतलेली वन रूम किचनची जागा असो, चार भिंती आपल्या झाल्या की माणूस निर्धास्त होतो. पण घरामागोमाग घरपट्टीही येते. मुंबईच्या घरपट्टीच्या बिलात इतर करांबरोबर शिक्षण उपकराचीही ओळ असते. आपल्यापैकी किती जण ती ओळ वाचतात?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात मात्र ही ओळ घरोघरी वाचली जाते. कारण तिथल्या घरपट्टीतला सर्वांत मोठा वाटा शाळांचा असतो. घराची सरकारी किंमत वाढली म्हणून कर वाढतो आणि शाळेच्या इमारतीसाठी कर्ज काढले की पुन्हा कर वाढतो. त्यामुळे तिथला साधा घरमालक चिडलेला आहे. त्याची चीड खरी आहे. पण ती नेमकी कुणावर निघायला हवी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. याच प्रश्नासाठी तिथल्या एका पत्राकाम करणाऱ्या कामगाराने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत धडक मारली होती. त्याची हकिकत आपल्या घरातही सांगावी अशी आहे.

वसंतात येणारे पाकीट

टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. तो लावूच नये, अशी तरतूद २०१९ साली मतदारांनी राज्यघटनेत करून घेतली. ऐकायला हे फार चांगले वाटते. पण शाळा, रस्ते, सरकारी दवाखाने यांचा खर्च तर चुकत नाही. मग तो विक्रीकरातून आणि घरा-जमिनीवरच्या करातून काढला जातो. म्हणजे पगारातून जे कापले जात नाही, ते घराच्या दारात येऊन मागितले जाते.

दरवर्षी १ जानेवारीला तुमच्या घराची बाजारात काय किंमत होती, हे जिल्ह्याचे मूल्यांकन कार्यालय ठरवते. एप्रिल-मेच्या सुमारास त्याची नोटीस टपालाने येते. प्रत्यक्ष बिल येते ऑक्टोबरच्या आसपास. ते ३१ जानेवारीपर्यंत भरावे लागते, नाही तर दंड आणि व्याज सुरू होते. वर्षानुवर्षे कर थकला तर घराचा लिलावही होऊ शकतो.

आता या किमतीतली गोम पाहा. घर तेच, माणसे तीच, छपरही तेच जुने. पण शेजारच्या गल्लीत कुणी दोन घरे पाडून नवी टोलेजंग घरे बांधली, शहरात मोठ्या पगाराची माणसे राहायला आली, की तुमच्या घराची किंमत कागदावर चढते. ही वाढलेली किंमत तुमच्या हातात कधी पडते? घर विकाल तेव्हा. पण घर विकून जायचे कुठे? ज्याला त्याच घरात राहायचे आहे, मुलांना तिथेच वाढवायचे आहे, त्याला ही श्रीमंती कागदावरच राहते. कर मात्र रोख भरावा लागतो, आणि तो भरायचा असतो त्याच जुन्या पगारातून किंवा पेन्शनमधून.

थोडा हिशेब मांडू

मालक स्वतः राहत असलेल्या घराला टेक्सासमध्ये दोन संरक्षणे आहेत. एक म्हणजे, बाजारभाव कितीही वाढला तरी कराची किंमत वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. दुसरे म्हणजे, शाळेचा कर मोजताना घराच्या किमतीतून ठरावीक रक्कम वगळली जाते. ही सूट २०२३ साली १ लाख डॉलर झाली आणि नोव्हेंबर २०२५ च्या मतदानानंतर १ लाख ४० हजार डॉलर झाली. ६५ वर्षांवरील आणि अपंग मालकांसाठी ती २ लाख डॉलरपर्यंत नेण्यात आली.

सूट मोठी आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही चीड का जात नाही, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एक घर गेल्या वर्षी २ लाख डॉलरचे होते. सूट वजा जाता ६० हजारांवर कर लागला. शाळेचा दर शंभर डॉलरला १ डॉलर धरला तर कर झाला ६०० डॉलर. यंदा नोटिशीत बाजारभाव आला २ लाख ६० हजार. दहा टक्क्यांच्या मर्यादेमुळे कराची किंमत धरली जाईल २ लाख २० हजार. सूट वजा केली की उरले ८० हजार, आणि कर झाला ८०० डॉलर. किंमत वाढली दहा टक्के, पण शाळेचा कर वाढला एक तृतीयांश!

पुढच्या वर्षी बाजार जागच्या जागी थांबला, तरी सुटका नाही. कागदावर २ लाख ६० हजारांचा भाव अजून गाठायचा बाकी आहे. म्हणून कराची किंमत आणखी दहा टक्क्यांनी चढून २ लाख ४२ हजार होईल. दर तोच राहिला तर कर होईल १,०२० डॉलर. दोन वर्षांत ६०० चे १,०२० झाले. यात जिल्ह्याचा, शहराचा, सरकारी इस्पितळाचा कर धरलेलाच नाही.

किमती भराभर वाढल्या तर शाळांनी कराचा दर खाली आणावा, असा कायदा २०१९ साली झाला. परंतु दर खाली येतो तो साऱ्यांसाठी सारखा. ज्या गरीब वस्तीवर बिल्डरांची नजर पडली आणि जिच्या किमती इतरांपेक्षा वेगाने चढल्या, तिला त्या उतरलेल्या दराचा पुरेसा दिलासा मिळत नाही. भाड्याने राहणाऱ्याला तर यातली एकही सूट नाही. घरमालकाचा वाढलेला कर भाड्यातून त्याच्याच माथी येतो.

शाळेचे कर्जरोखे

शाळेच्या कराचे दोन भाग असतात. एक भाग रोजच्या खर्चाचा, म्हणजे शिक्षकांचे पगार, वीज, पुस्तके यांचा. दुसरा भाग कर्जफेडीचा. नवी इमारत बांधायची, जुने छप्पर बदलायचे, बस घ्यायच्या, तर शाळा-मंडळ कर्जरोखे काढते. तिकडे त्याला बाँड म्हणतात. त्यासाठी मतदारांची बहुमताने मंजुरी लागते. या पैशातून पगार देता येत नाहीत. कर्ज पुढे वीस-तीस वर्षे घरपट्टीतून फिटत राहते.

२०१९ सालापासून टेक्सासमध्ये अशा मतपत्रिकेवर ‘ही मालमत्ता करातील वाढ आहे’ अशा अर्थाचे वाक्य ठळक छापावेच लागते. जुने कर्ज फिटत आल्यामुळे प्रत्यक्षात दर वाढणार नसेल, तरीही ते छापावे लागते. आधीच मूल्यांकनाची नोटीस वाचून धास्तावलेला माणूस मतदानाला जातो, हे वाक्य वाचतो आणि ‘नाही’वर खूण करून येतो. त्याला दोष कसा द्यायचा? पण त्या एका खुणेने कुणाच्या तरी वर्गातले गळके छप्पर आणखी पाच वर्षे गळत राहते, हेही तितकेच खरे.

एजवूडचा कामगार

सॅन अँटोनिओ शहराच्या पश्चिमेला एजवूड नावाची वस्ती आहे. तिथे बहुतेक मेक्सिकन वंशाची कष्टकरी कुटुंबे राहत. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर शहराच्या या पश्चिम भागावर लाल रंग फासला गेला होता. त्याचा अर्थ, इथे कर्ज देणे धोक्याचे. ज्या वस्तीत बँक कर्ज देत नाही तिथे घराला किंमत कशी येणार? आणि घराला किंमत नाही तर शाळेला कर कुठून मिळणार?

१६ मे १९६८ रोजी एजवूड हायस्कूलचे सुमारे ४०० विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले. इमारत मोडकळीला आली होती, साहित्य पुरत नव्हते आणि जवळजवळ निम्म्या शिक्षकांकडे पूर्ण पात्रता नसून तात्पुरते परवाने होते. मुलांच्या पाठोपाठ पालक जागे झाले. त्यांच्यात देमेट्रिओ रॉड्रिगेझ हे माजी सैनिक होते. ते केली या हवाई तळावर पत्राकाम करणारे कामगार होते. त्यांची मुले एजवूडच्याच शाळेत शिकत होती. त्यांनी इतर पालकांसह १९६८ साली दावा दाखल केला.

न्यायालयापुढे १९६७-६८ या वर्षाचे जे आकडे आले, ते आजही वाचण्यासारखे आहेत. एजवूडमध्ये दर विद्यार्थ्यामागे कराला पात्र मालमत्ता होती ५,९६० डॉलरची. शहरातल्याच अलामो हाइट्स या सधन भागात ती ४९ हजार डॉलरच्या वर होती. एजवूडच्या गरिबांनी शंभर डॉलरला १ डॉलर ५ सेंट असा कर स्वतःवर लावून घेतला होता. साऱ्या शहरात तो सर्वांत जास्त दर. अलामो हाइट्सचा दर होता ८५ सेंट. राज्याच्या योजनेतला आपापला वाटा भरून झाल्यावर या करातून शाळेला काय उरले? एजवूडला दर मुलामागे २६ डॉलर आणि अलामो हाइट्सला ३३३ डॉलर!

वाचकहो, हे आकडे पुन्हा एकदा वाचा. गरिबांना शिक्षणाची आस्था नाही, असे म्हणणारे सगळीकडे भेटतात. इथे गरीब श्रीमंतांपेक्षा जास्त दराने कर भरत होते आणि त्यांच्या मुलांच्या पदरात बारा-तेरा पटींनी कमी पडत होते. राज्याची आणि केंद्राची मदत धरूनही एजवूडच्या मुलावर ३५६ डॉलर खर्च होत होते, अलामो हाइट्सच्या मुलावर ५९४.

१९७१ साली खालच्या न्यायालयात पालक जिंकले. परंतु २१ मार्च १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. शिक्षण हा देशाच्या राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असे बहुमताने ठरले. विरोधात सविस्तर निकालपत्र लिहिणाऱ्यांत थरगूड मार्शल होते. १९५४ साली गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळांविरुद्धचा ऐतिहासिक खटला लढवणारे वकील तेच, आणि सर्वोच्च न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीशही तेच.

रॉड्रिगेझ यांच्या मुलांचे शाळेचे दिवस या लढ्यातच सरले. पण वस्तीने लढा सोडला नाही. राज्याच्या न्यायालयात दुसरा खटला उभा राहिला. तेव्हा सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब शाळा-मंडळाच्या मालमत्तेत दर विद्यार्थ्यामागे ७०० पट फरक असल्याचे पुढे आले. १९८९ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही पद्धत राज्याच्या घटनेविरुद्ध ठरवली. १९९३ साली नवा कायदा झाला. श्रीमंत मंडळांनी ठरावीक मर्यादेवरचा पैसा राज्याकडे द्यावा आणि तो गरीब मंडळांकडे जावा, असा तो कायदा. लोकांनी त्याला रॉबिनहूड हे नाव दिले. रॉड्रिगेझ २०१३ साली वारले. तोवर आपल्या हयातीत त्यांनी एवढा बदल पाहिला होता.

बाबासाहेबांच्या गुरूंनी दाखवलेला दोष

घरा-जमिनीवरच्या कराचा हा दोष नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना त्यांचे गुरू होते प्रा. एडविन सेलिगमन. करविषयक शास्त्रातले ते त्या काळचे मोठे नाव. बाबासाहेबांच्या ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील १९२५ सालच्या ग्रंथाला सेलिगमन यांचीच प्रस्तावना आहे.

याच सेलिगमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या सर्वसाधारण मालमत्ता करावर कठोर टीका केली होती. त्यांचे म्हणणे सोप्या शब्दांत असे: घर आणि जमीन डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्यावर कर बसतो. शेअर, रोखे, ठेवी तिजोरीत लपतात, म्हणून त्या सुटतात. शेवटी साध्या माणसावर भार पडतो आणि मोठा माणूस निसटतो. बाबासाहेब अर्थशास्त्र शिकले ते अशा शिक्षकांच्या हाताखाली. कर कोण भरतो आणि त्याचा लाभ कुणाला होतो, हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारायचे असतात, ही त्या शास्त्रातली पहिली शिकवण आहे.

मोजणाऱ्याचा हात

किंमत ठरवणाराच चुकला तर? शिकागो शहराच्या कुक जिल्ह्यात २०१७ साली वृत्तपत्रांनी शोध घेतला. स्वस्त घरांची किंमत खऱ्या भावाच्या मानाने जास्त धरली जात होती आणि महागड्या घरांची कमी, असे उघडकीला आले. त्यातून तक्रार करून सूट मिळवणाऱ्यांत सधन वस्त्यांतलेच लोक अधिक. पुढच्या वर्षी मतदारांनी तिथल्या मूल्यांकन अधिकाऱ्याला पक्षांतर्गत निवडणुकीतच घरी बसवले. डेट्रॉइट शहरात २०१० ते २०१६ या काळात घरमालकांवर किमान ६० कोटी डॉलरचा जादा कर बसल्याचे २०२० साली तिथल्या वृत्तपत्राने दाखवून दिले. डेट्रॉइटची वस्ती बहुसंख्य कृष्णवर्णीय आहे, हे वेगळे सांगायला नको.

टेक्सासमध्ये आणखी एक अडचण आहे. घर किंवा इमारत कितीला विकली हे सरकारला कळवण्याची सक्ती तिथे नाही. मोठ्या इमारतींचे मालक दरवर्षी सल्लागार नेमून किंमत कमी करून घेतात. साध्या माणसाकडे ना सल्लागार, ना रजा.

मग कर बंद करायचा का?

कॅलिफोर्निया राज्यात १९७८ साली संतापलेल्या घरमालकांनी मतदानाने कराचा लगाम आवळला. दर १ टक्का आणि घर विकेपर्यंत किमतीत वर्षाला फार तर २ टक्के वाढ. म्हाताऱ्या माणसांची घरे वाचली, हा त्याचा मोठा गुण. पण स्थानिक शाळांचा पैसा आटला. शिवाय एकाच गल्लीत शेजारी-शेजारी सारख्याच दोन घरांना अगदी वेगळा कर लागू लागला. जुना मालक थोडा भरतो आणि नवे घर घेणारे तरुण कुटुंब कितीतरी जास्त.

टेक्सासचा रॉबिनहूडही निर्दोष नाही. ऑस्टिन शहरात जमिनीच्या किमती भडकल्या, म्हणून तिथले शाळा-मंडळ कागदावर श्रीमंत ठरले. राज्यात सर्वाधिक पैसा तेच मंडळ बाहेर देत आले आहे. पण त्याच्या वर्गात बसणाऱ्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास गरीब घरची आहेत. घराची किंमत म्हणजे घरातल्या माणसाची कमाई नव्हे, हीच गोष्ट इथे संपूर्ण शहराच्या बाबतीत घडली.

म्हणून घरमालकाच्या चिडीला दिशा हवी. त्याच्या दारात अन्याय होतो, हे खरे. पण तो अन्याय वर्गात बसलेल्या मुलाने केलेला नाही. मुलाचे शिक्षण वस्तीतल्या घरांच्या भावाला बांधून ठेवणारी जी व्यवस्था आहे, तिने तो केला आहे. शाळेचे कर्ज नाकारून ती व्यवस्था मोडत नाही. तिची झळ फक्त म्हाताऱ्या मालकाकडून लहान मुलाकडे सरकते. ज्याची ऐपत आहे त्याच्या मिळकतीवर राज्याने कर घ्यावा आणि मुलामागे सारखा पैसा द्यावा, हा खरा मार्ग. टेक्सासने आपल्या घटनेतच त्याला कुलूप घातले आहे.

कुटुंबाच्या हातात काय आहे?

तोवर टेक्सासमधल्या कुटुंबाने काही गोष्टी कराव्यातच. आपले नातेवाईक किंवा ओळखीचे कुणी तिथे घर करून राहत असतील तर त्यांनाही जरूर कळवा.

पहिली गोष्ट, नोटीस न उघडता ठेवू नये. किमतीवर हरकत घ्यायची मुदत साधारणपणे १५ मे, किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यांपैकी जी नंतर येईल ती असते. हरकत अर्जाला वकील लागत नाही. भिंतीच्या भेगा, गळके छप्पर, खचलेला पाया यांचे फोटो आणि दुरुस्तीचा अंदाज घेऊन जावे. शेजारच्या तशाच घरांची किंमत कमी धरली असेल तर ती दाखवावी. कार्यालयात समाधान झाले नाही तर नागरिकांच्या पुनर्विलोकन मंडळापुढे सुनावणी होते.

दुसरी गोष्ट, राहत्या घराची सूट आपोआप मिळेल असे समजू नये. तिच्यासाठी एकदा अर्ज द्यावा लागतो. आजोबांच्या नावावरचे घर वारसांच्या नावावर झालेच नाही, म्हणून कितीतरी कुटुंबांना ही सूट नीट मिळत नसे. अशा वारसांसाठी २०१९ साली कायदा सोपा करण्यात आला आहे.

तिसरी गोष्ट, ६५ वर्षे पूर्ण झाली की शाळेचा कर त्या पातळीला गोठवला जातो. घरात मोठी नवी भर घातली नाही तर नव्या कर्जरोख्यांमुळेही तो वाढत नाही. ही माहिती नसल्यामुळे कितीतरी वृद्ध माणसे घाबरून शाळेविरुद्ध मत देतात. वृद्धांना कर पुढे ढकलण्याचीही सोय आहे, पण त्यावर व्याज चढते, हे ध्यानात ठेवावे.

आणि चौथी गोष्ट, कर्जरोख्यांचे मतदान आले की यादी मागून वाचावी. छप्पर, शौचालये आणि वर्गखोल्या यांसाठी पैसा आहे की मोठ्या क्रीडांगणासाठी? कोणत्या वस्तीतल्या शाळेला किती? अनेक ठिकाणी असे विषय वेगवेगळे मांडलेले असतात. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणता येते.

एजवूडच्या त्या पालकांकडे मोठी घरे नव्हती आणि पैसाही नव्हता. त्यांनी कराचा कागद हातात घेतला, मुलाची शाळा पाहिली आणि विचारले, आम्ही जास्त भरतो, मग आमच्या मुलाला कमी का? पुढच्या वेळी घरपट्टीचे बिल आले की आपणही ती शिक्षणाची ओळ मुलाबाळांना मोठ्याने वाचून दाखवू या. आणि तो पैसा आपल्या वस्तीतल्या शाळेत दिसतो का, हे जाऊन पाहू या.